माग थांबला की टेक: सहा ट्रॅकच्या नोंदी

८ जून २०२५, रविवार

सकाळी पुण्याच्या संकलक मित्राचा फोन. मराठी मालिका, गोष्ट सीमाभागातली. तंबाखूची वखार, दोन भाऊ, वाटणीचं भांडण. निपाणीकडचा रंग हवा आहे. "मुंबईत सांगितलं की आम्हाला ढोलकीच मिळते, लावणीसारखी. तुझ्याकडं पडलेलं काय असेल ते दे. पण तयार करून दे."

तयार म्हणजे काय, ते दुपारी व्हॉट्सॲपवर आलं. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्ह फाईली. प्रत्येक ट्रॅकचा पूर्ण मिक्स, गळा (गाणाऱ्याचा आवाज) वगळलेला मिक्स, मुख्य सुरावट काढलेला मिक्स. ६०, ३० आणि १५ सेकंदांचे तुकडे. स्टेम, म्हणजे एकेका वाद्यगटाच्या सुट्या फाईली, वेगळे. आणि शेवटी: कोणाचा किती हक्क त्याचा कागद, सह्यांसकट.

बेळगावच्या वडगावातल्या या मागच्या खोलीत दहा-बारा वर्षं काम करतोय. भजनी मंडळं, गणपतीची गाणी, निवडणुकीतल्या रिक्षांवरच्या घोषणा. स्वतःचं म्हणून केलेलं हार्डडिस्कवर अकरा तुकडे निघाले. त्यातले पाच ऐकून लाज वाटली. सहा राहिले. त्यांची घरगुती नावं: वखार, जातं, माग, पायरी, रक्कसकोप, गोकाक रोड.

१० जून

जुने प्रोजेक्ट उघडले. "रक्कसकोप" २०१४ चा, त्यातले तीन प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्राम) आता चालतच नाहीत. रिव्हर्ब, म्हणजे आवाजाची गुंज, गायब, बासरी भिंतीला तोंड लावून वाजवल्यासारखी. जे उघडतं त्याचा प्रत्येक ट्रॅक शून्यापासून शेवटपर्यंत कोरडा, इफेक्टशिवाय, वेगळी फाईल म्हणून बाउन्स करून ठेवला. हे तेव्हाच करायला हवं होतं.

"जातं", म्हणजे मावशींच्या जात्यावरच्या ओव्या, ४४.१ किलोहर्ट्झवर मुद्रित आहे. धाकट्या भावानं हौसेनं मदत म्हणून फाईलवर नुसता ४८ चा शिक्का मारला, रूपांतर न करता. ऐकलं तर मावशी काळी चारची, गाते आहे पांढरी सहा आणि काळी पाच यांच्या मधे कुठंतरी, आणि जातं नऊ टक्के वेगानं फिरतंय. पीठ लवकर झालं असतं एवढंच. रीतसर रूपांतर करून घेतलं.

१४ जून, शनिवार

नवी वही घातली. पहिल्या पानावर "कोणाचं काय".

चित्राखाली संगीत लावायला दोन परवानग्या लागतात. एक रचनेची, म्हणजे धून आणि शब्द. दुसरी त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाची. मोठ्या गाण्यांत या दोन गोष्टी दोन वेगळ्या कंपन्यांकडे असतात आणि दोघांच्या दारात उभं राहावं लागतं. आमच्यासारख्याचा एकच फायदा, दोन्ही सह्या एका दारात मिळतात. मालिकेवाल्यांना उद्या प्रसारण असतं, त्यांना उत्तर आजच हवं असतं. ट्रॅक थोडा कमी चांगला पण कागद साफ, तर तोच घेतात. हे मित्रानंच सांगितलं, मला थोडं लागलं.

वही भरताना कळलं की दोन्ही सह्या माझ्या आहेत असं फक्त "माग" बद्दल छातीठोक म्हणता येतं.

२० जून

"रक्कसकोप"च्या मागं जे व्हायोलिनचं पांघरूण आहे ते कुठून आलं? आठवलं. कुणीतरी सीडी दिली होती, "घे, माझ्याकडं हाय." लायसन्स कुणाचं, पॅक कुठला, काही माहीत नाही. काढून टाकलं. ट्रॅक उघडा पडला, अंगावरचं ब्लँकेट ओढल्यासारखा.

"गोकाक रोड" मधला खुळखुळा मात्र रीतसर सॉफ्टवेअरबरोबर आलेला लूप (पुन्हा पुन्हा फिरणारा तयार तुकडा) आहे, गाण्यात वापरायची परवानगी आहे. पण घोळ स्टेममध्ये आहे. अशा लायसन्सात बहुतेक लिहिलेलं असतं की लूप सुटा, एकटा कुणाला द्यायचा नाही. तालवाद्यांचा स्टेम द्यायचा तर तो लूपच जवळजवळ एकटा जातो. शिवाय तोच लूप जगात आणखी किती गाण्यांत असेल, आणि यूट्यूबवर कुणाचं तरी यंत्र आमच्या मालिकेवर हक्क सांगेल. घरातला साबुदाण्याचा डबा हलवून नवा वाजवला. आवाज उलट बरा आला. डबा परत करताना बायकोनं विचारलं, आता काय करूलास?

२६ जून

ढोलकीवाले मामा. "वखार" आणि "पायरी" दोन्हींत तेच. २०१७ साली हातात पैसे ठेवले होते, चहा पाजला होता, कागद काही नाही.

कायद्यानं वादकाला त्याच्या सादरीकरणावर स्वतःचा हक्क असतो, पन्नास वर्षं. त्याच्या संमतीनं मुद्रण झालं, पुढं ते चित्रपटात किंवा मालिकेत वापरायचं, तर लेखी असलेलं बरं. मामांना हे सांगितलं तर चेहरा पडला. "एवढी वर्षं येऊलोय तुझ्याकडं, आता सही मागूलास? आपला शब्द काय कमी हाय?" त्यांना वाटलं मी त्यांच्यावर संशय घेतोय. उलटं आहे, हा कागद त्यांच्याही बाजूचा आहे, त्यात मालिकेत गेलं तर त्यांना ठरलेली वाढीव रक्कम मिळेल असं कलम आहे, हे पटवायला दोन तास आणि एक कप कुंदा (इकडची दुधाची मिठाई) लागला. सही केली. पॅन कार्डाचा फोटो पाठवतो म्हणाले.

"गोकाक रोड"मध्ये करडी हे इकडचं ढोलासारखं वाद्य आहे. त्या करडीवाल्याचं वेगळंच. गोकाकजवळचा, कानडी घरातला, मराठी समजतं पण वाचता येत नाही. कागद कोर्टासमोर इंग्रजीत टाइप करून घेतला होता. त्याला इंग्रजीही नको. त्याच्या कॉलेजातल्या मुलीनं एकेक ओळ कानडीत वाचून दाखवली, मी मराठीत भर घालत होतो. शेवटी कानडीत साधा अर्थ लिहिलेलं एक पान जोडलं, त्यावरही सही. पोरीनं एक कलम बदलून घेतलं: नाव जिथं जिथं छापलं जाईल तिथं करडी हे वाद्याचं नाव लिहायचं, नुसतं "ढोल" नाही. बरोबर आहे तिचं. करडी मजल ही इकडची चीज, ढोल म्हटलं की कुठलाही झाला.

६ जुलै, आषाढी

काम नाही. संध्याकाळी देवळात भजन. तिथं बसल्या बसल्या डोक्यात किडा शिरला.

"पायरी"मध्ये हार्मोनियमवर अभंगाची चाल आहे. शब्द नाहीत, नुसती चाल. वहीत मी लिहिलंय: पारंपरिक. आज मंडळानं तोच अभंग वेगळ्याच चालीत म्हटला. मग माझी चाल कुठली?

७ जुलै

सकाळपासून जुनी रेकॉर्डिंगं ऐकली. भीती खरी निघाली. संतांचे शब्द सगळ्यांचे, रचनाकार जाऊन साठ वर्षं उलटली की शब्दांवरचा हक्क संपतो, इथं तर शतकं उलटली. पण आपण लहानपणापासून रेडिओवर ऐकतो त्या बऱ्याच चाली विसाव्या शतकातल्या संगीतकारांनी बांधलेल्या आहेत. त्या इतक्या मुरल्या की देवळातही त्याच म्हणतात, आणि आपण त्यावर "पारंपरिक" असा शिक्का मारून मोकळे. माझ्या कानानं उचललेली दुसरी ओळ सरळ तशीच होती. पहिली नव्हती.

दुसरी ओळ नवी बांधली. भजनी ठेका तोच, षड्जावर न येता पंचमावर थांबणारी. बांधून झाल्यावर पुन्हा तासभर शोधाशोध, ही तरी कुणाची नाही ना. आता वहीत लिहिलं: रचना माझी, भजनी ठेक्यावर आधारित. पारंपरिक हा शब्द या प्रकल्पात परत वापरायचा नाही, जोवर तीन वेगळ्या गावांतून तीच चाल ऐकलेली नाही.

१३ जुलै, रविवार

"रक्कसकोप"ला व्हायोलिनच्या जागी तंबोरा आणि दिलरुबा घ्यायचा होता. दिलरुबावाला काका रविवारीच मोकळा. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना यंत्रमाग. भिंतीला गाद्या लावल्या, दाराला दुहेरी पडदा, तरी तंबोऱ्याखाली खट्टाखट्ट, खट्टाखट्ट येतंच. रविवारीही चालू, सणांच्या ऑर्डरी आहेत. वर पाऊस.

सव्वातीनला लाईट गेली. सगळे माग एकदम थांबले. मी लॅपटॉप बॅटरीवर टाकला, माईक जोडायचा इंटरफेस लॅपटॉपच्याच जोरावर चालतो, आणि ओरडलो, "काका, आत्ता!" पावसानंही दहा मिनिटं उसंत घेतली. तीन टेक मिळाले, तिसरा ठेवला. शेवटी तार विझत असताना चौथ्या घरातल्या पोराचा पाढा ऐकू येतो, तो कापला. नंतर चाळीस सेकंद खोलीची नुसती शांतता घेऊन ठेवली, जोडांखाली भरायला.

"माग" हा ट्रॅक असाच सुरू झाला होता, याच आवाजाचा राग येऊन. शेजारच्या आजोबांना विचारून त्यांच्या मागाजवळ माईक धरला आणि त्या खटक्यांवर बास ठेवला. माग मशीनसारखा सरळ चालत नाही. सूत तुटतं, माणूस पुढं होतो, जोडतो, परत सुरू. तो थांबा ठेवलाय. मित्र म्हणतो संकलकाला असा थांबा सोन्यासारखा, त्यावर कट मारता येतो.

१९ जुलै

मावशीकडे. खानापूर तालुक्यातलं गाव, रस्ता निम्मा पाण्यात.

अडचण अशी. "जातं" २०१६ साली एकाच माईकवर घेतलंय, गळा आणि जात्याची घरघर एकजीव. ऐकायला तेच सुंदर. पण संवाद चालू असताना घरघर मध्ये येते, मित्राला गळा वेगळा हवा आहे. म्हणून पुन्हा मुद्रण.

मावशी बसल्या, घसा साफ केला, दोन ओळी म्हटल्या आणि थांबल्या. "जातं नसलं की मेलं सूर कुठं टेकायचा तेच कळंना." रिकामं जातं फिरवलं तर दगडावर दगड घासतो. शेवटी जुन्या मुद्रणातली घरघर त्यांच्या कानात हेडफोननं सोडली आणि हाताखाली पिठाचा डबा दिला. डब्याच्या झाकणावर मूठ धरून गोल गोल फिरवत चौदा ओव्या म्हटल्या, एका दमात. डोळे मिटलेले. नात हसत होती, तिला बाहेर काढावं लागलं.

मग कागद वाचून दाखवला. त्यांचे दोन प्रश्न. पहिला, टीव्हीवर नाव येणार काय. खरं सांगितलं: पार्श्वसंगीताला पडद्यावर नाव बहुतेक देत नाहीत, पण हिशेबाच्या पत्रकात येईल. बरं म्हणाल्या. दुसरा प्रश्न नव्हता, अट होती. सहावी आणि नववी ओवी घ्यायची नाही. त्यांत भावाचं नाव आहे. ओवीत भाऊराया नाव घेऊनच येतो, आपल्याकडं रीतच आहे. पण तो भाऊ आता नाही, आणि मालिकेत भावाभावांचं भांडण आहे हे मीच मघाशी सांगून बसलो होतो. "त्याच्या नावाखाली कुणी भांडायला नको."

दोन्ही ओव्या काढल्या. नुसत्या मिक्समधून नाही, स्टेममधूनही, कच्च्या फाईलमधूनही. कागदावर तसं हातानं लिहून दोघांच्या सह्या.

मावशींचा वाटा रचनेतही धरला, निम्मा. शब्द त्यांचे, त्यांच्या आईचे, कोण जाणे कुणाकुणाचे. चाल वळवण्याची पद्धत त्यांची. मी खाली तंबोरा लावलाय, त्यावर सगळी रचना माझी म्हणायला जीभ रेटेना.

२५ जुलै

तुकडे कापायचा दिवस. इथं मजा आली.

"वखार" केरवा, मिनिटाला १२० मात्रा. तीस सेकंदांत साठ मात्रा, म्हणजे आठ मात्रांची साडेसात आवर्तनं. अर्ध्या आवर्तनावर तुकडा संपवला तर कुणीतरी वाक्य अर्धं सोडून उठून गेल्यासारखं. सोपा उपाय म्हणजे आवाज हळूहळू विझवणे. संकलकांना तो आवडत नाही, शेवट ठोस हवा, त्यावर दृश्य तोडता येतं. दुसरा उपाय, ट्रॅकची गती १२८ करायची. मग आवर्तन पावणेचार सेकंदांचं होतं आणि तीस सेकंदांत बरोबर आठ बसतात. करून पाहिलं, मामांची ढोलकी घाईत असल्यासारखी झाली.

मग सात आवर्तनं, अठ्ठावीस सेकंद, आणि अठ्ठाविसाव्या सेकंदाला सम, म्हणजे पुढच्या आवर्तनाची पहिली मात्रा. उरलेल्या दोन सेकंदांत ढोलकीची घुमक विझते. आणि सातव्या आवर्तनात मामांकडून तिहाई. तीनदा तोच तुकडा, तिसऱ्याचा शेवटचा धा समेवर. ज्याला तालाचं काही कळत नाही त्यालाही तिहाई ऐकली की संपणार हे कळतं. मुंबईची मंडळी या ठोस शेवटाला काय काय इंग्रजी नावं देतात, आपल्याकडं तो आयता घडवलेला आहे.

मामांना फोनवर गणित सांगितलं. "आठ मात्रांत तिहाई? झोपेत वाजवतो." संध्याकाळी आले, वाजवून गेले. पॅन कार्ड विसरले.

"पायरी"चा मधला दादऱ्याचा भाग मात्र आपोआप बसला, १२० ला साठ मात्रा म्हणजे सहाची दहा आवर्तनं. पंधरा सेकंदांना पाच.

२ ऑगस्ट

मिक्स. जुने मास्टर मोबाईलवर दणदणीत वाजावेत म्हणून आवळून ठेवले होते, उणे ८ एलयूएफएस (आवाजाच्या सरासरी जोराचं माप). इथं ते कामाचं नाही. मालिकेचा अंतिम आवाज त्यांचा मिक्सर प्रसारणाच्या मापात बसवणार, ते उणे २३-२४ च्या आसपास असतं, तिथं माझा आवळलेला ट्रॅक नुसता खाली ओढला जाणार आणि चपटा राहणार. आवाज आवळणारा लिमिटर काढला, उणे १६ वर आणलं, शिखर उणे एकच्या खाली. ढोलकीच्या चाटीला परत श्वास आला.

सुरावट काढलेले मिक्स सगळ्यात महत्त्वाचे, हे आता पटलं. सनई माणसाच्या बोलण्याच्याच पट्ट्यात बोलते. दोन भाऊ भांडत असताना खाली सनई म्हणजे तिसरा भाऊ.

मग नावं आणि माहिती. फाईलचं नाव इंग्रजी अक्षरांत, देवनागरी काही मशिनांवर चौकोन होऊन दिसतं. वेव्हमध्ये भरलेली माहिती सगळीकडे वाचली जाईलच असं नाही, म्हणून ऐकण्यापुरत्या एमपीथ्री वेगळ्या, त्यांत टॅग भरलेले: नाव, गती, स्वर, वाद्यं, माझा फोन, हक्क कोणाचा. गळ्याचा आणि बिनगळ्याचा मिक्स ही दोन वेगळी मुद्रणं, त्यांना आयएसआरसीचा, म्हणजे मुद्रणाच्या ओळखीचा, बारा अक्षरांचा क्रमांकही वेगळा.

भाव या रकान्यात पहिल्यांदा रागांची नावं लिहिली होती. मित्रानं परत पाठवलं. "देस लिहून कुणी शोधत नाही. पाऊस लिही, वाट बघणं लिही." लिहिलं. "जात्या"च्या गतीचा रकाना रिकामा सोडला, ती गती मावशींच्या दंडाची आहे.

भाषा या रकान्यात "गोकाक रोड"पाशी अडलो. शेवटी करडीवाला हाळी देतो ती धड कानडी नाही, धड मराठी नाही. दोन्ही लिहिलं. इथून जवळच्या सुळेभावीत १९२४ साली शिवपुत्र कोमकळीमठ जन्मले, घर कानडी. पुढं कुमार गंधर्व म्हणून मराठी घराघरांत गेले. त्यांच्यापुढं रकाना ठेवला असता तर काय लिहिलं असतं कोण जाणे.

९ ऑगस्ट

निर्मात्यांकडून कराराचा मसुदा. अकरा पानं. सगळे हक्क, सगळी माध्यमं, सगळं जग, कायमचे. आणि रचनाकार आपली रॉयल्टी सोडून देत आहे अशी एक ओळ, सातव्या पानावर खाली.

ती ओळ तशी चालत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला आपला बरोबरीचा वाटा वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीला सोडून इतर कुणाला लिहून देता येत नाही. वकिलानं तेवढंच खोडून परत पाठवलं.

बाकीचं मी ठरवलं. या मालिकेपुरता वापर कायमचा, मान्य. एकदा भागात गेलेला तंबोरा पाच वर्षांनी उपटून काढा म्हणणं शहाणपणाचं नाही. पण मालकी माझ्याकडे, परवाना अनन्य नाही, दुसऱ्या मालिकेला, जाहिरातीला वेगळा करार. मुदत न लिहिता सोडली तर कायदा पाच वर्षं धरतो आणि प्रदेश न लिहिला तर फक्त भारत, म्हणून दोन्ही रकाने स्पष्ट भरून घेतले. पैसे मी मागितले त्याहून कमी. वाटलं होतं त्याहून जास्त.

त्यांनी मालकीचं मान्य केलं. दोन दिवस लागले, भांडण झालं नाही.

१८ ऑगस्ट

सहाही पाठवले. ११४ फाईली. पावसानं इंटरनेट रडतखडत, अपलोडला रात्र गेली.

पाठवल्यावर आठवलं की "वखार" मी तीन वर्षांपूर्वी वितरकामार्फत ऑनलाईन टाकला होता आणि कंटेंट आयडीवर (यूट्यूबवर आपला ट्रॅक आपोआप ओळखून हक्क सांगणारी सोय) टिक केली होती. म्हणजे मालिकेनं आपल्या यूट्यूब चॅनलवर तुकडा टाकला की माझ्याच नावानं त्यांना दावा जाणार. वितरकाला लिहून त्यांचं चॅनल मोकळं करायला सांगितलं.

२४ ऑगस्ट

निवड आली. सहापैकी तीन. "माग", "जातं" आणि "रक्कसकोप"चा फक्त शेवट, दिलरुबा विझतो तेवढाच. "वखार" नाही. वखारीच्या गोष्टीत "वखार" नाही! ढोलकी ऐकली की लोकांना लावणी वाटते म्हणे. मामांना सांगितलं. शिव्या दिल्या, मग म्हणाले, तिहाई तरी ऐकली का त्यांनी.

२६ ऑगस्ट

उद्या गणपती. गल्लीत मांडवाचं ठोकणं, माग बंद.

वापराच्या पत्रकाचा नमुना आला: ट्रॅक, किती सेकंद, मागे की पुढे, रचनाकार, वाटा. यावरूनच आयपीआरएसकडे, म्हणजे रचनाकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या सोसायटीकडे, हिशेब जाणार, म्हणून नावाची अक्षरं एकसारखी हवीत. मावशींचं नाव आधार कार्डावर एक, बँकेच्या पुस्तकात दुसरं, आणि आडनाव कानडी स्पेलिंगनं तिसरं. नातीला तिन्हींचे फोटो मागवलेत. मामांच्या पॅन कार्डाचा फोटो आला, पण धूसर आहे. मांडवात भेटले की परत काढायचा.